गायकवाडभावजींनी धरून ठेवलेली जागा

गायकवाडभावजींना कुठलीही गोष्ट वेळेवर जमायची नाही. आधीच करून मोकळे! ओमानला, अझैबा भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे, ह्यांच्याच ऑफिसात इंजिनीयर. शुक्रवारी जेवायला बोलवावं, तर गुरुवारीच सुरमई घेऊन दारात. "जयभीम वहिनी! आधी तयारी, मग बोलणी." एकदा मी हसत म्हटलं, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" आणि जीभ चावली. भावजींचा घटस्फोट झालेला होता.

बायको इंग्लंडमध्ये नर्स, अकरा वर्षांची अन्वी तिच्याकडे. पूर्वी तिघंही तिकडेच होती. नोकरी गेली म्हणून भावजी ओमानला आले. अन्वीने फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे यावं, एवढीच त्यांची मागणी. आई म्हणे, "गेली की तो परत पाठवणार नाही." प्रकरण तिथल्या फॅमिली कोर्टात गेलं.

मग काय, भावजींची तयारी सुरू! अन्वीच्या खोलीला नवा एसी, सायकल, पडदे. मी विचारलं, "अहो, जुलैतल्या उन्हात पोरगी सायकल चालवणार कुठे?" तर म्हणाले, "संध्याकाळी बीचवर नेतो ना. यल्ला, चला, पडदे कसे वाटतात सांगा." कहर म्हणजे इथल्या इंडियन स्कूलमध्ये सहावीची जागाही धरून ठेवली. इथे शाळेत जागा मिळणं म्हणजे नशीब, सगळेच पालक आधीपासून धावाधाव करतात. "पुढेमागे तिलाच इथे राहावंसं वाटलं तर? जागा हातची जायला नको." यात काही वावगं आहे असं मलाही वाटलं नाही.

ओमानमधून व्हिडिओवर साक्ष द्यायला परवानगी लागते, ती वेळेत मिळेना; म्हणून रजा काढून ते स्वतः गेले. परत आले तेव्हा चेहरा पार उतरलेला. माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सांगू लागले, "जज बाई फार नीट बोलल्या, वहिनी. मुलीसाठी काय केलंय विचारलं. मी खोलीचं सांगितलं, शाळेचंही सांगितलं. वाटलं, बाप किती करतो ते दिसेल."

दिसलं ते भलतंच. चार आठवड्यांच्या पाहुणीला शाळा कशाला? मुलगी परत आली नाही, तर ती परत मिळवून द्यायला देशादेशांमध्ये करार असतो, त्यात ओमान नाही. जज बाईंनी धोका पत्करला नाही. अन्वीने ओमानला यायचं नाही. भावजींनी तिकडे जाऊन भेटायचं, आणि रविवारी व्हिडिओ कॉल. शिवाय मुलाला दोन्ही पालकांचा सहवास चांगलाच, हे गृहीत धरणारं तिथल्या कायद्यातलं कलमही आता काढणार आहेत, असं वकिलाने सांगितलं. "मारझोड करणाऱ्या बापांपासून पोरं वाचावीत म्हणून. बरोबरच आहे हो," भावजी म्हणाले, "पण मी कुठे तसला आहे?" आणि मोठ्याने रडले. मी नुसती पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

पहिल्या रविवारचा कॉल त्यांनी आमच्याच टेबलावरून लावला. एकट्याला धीर होईना, म्हणाले. अन्वी अडखळत मराठीत बोलली, "बाबा, मी समरला आले असते, तर तू मला परत पाठवलं असतंस ना?"

"म्हणजे काय, बाळा! पाठवलंच असतं."

"मग स्कूल का घेतलं?"

"ते... असंच गं. तुला कधी वाटलं तर, म्हणून."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"ओके," ती म्हणाली. ते 'ओके' मला चांगलं ठाऊक आहे. पटलं नाही आणि वादही नको असला, की माझी लेक असंच म्हणते.

कॉल संपला. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. "पटलं ना हो तिला, वहिनी?"

"हो तर," मी म्हटलं, आणि ताटं घ्यायला आत गेले.