पाण्याकडे धावणारी पोर

पंच्याण्णव सालच्या आसपास गंगेवरच्या दुर्गाघाटावर एक मराठी बाई रोज सकाळी आठ-नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन यायची. नाव मी कधी विचारलं नाही. देवळाच्या घंटा वाजल्या की ती पोर किंचाळायची, आईला चावायची आणि हात सोडवून थेट पाण्याकडे धावायची.  शाळा मी फारशी पाहिली नाही, पण चार पोरं वाढवलीत. एकदा सरळ बोललो, "एक ठेवून द्या कानाखाली!"

पदर खोचत ती म्हणाली, "काका, मारलं तर ती मला भिईल. गंगेला नाही भिणार. आवाज सोसत नाही हो तिला. आणि घर घाटावरच, पाणी टाळू कुठे?"

मला काही ते पटलं नाही. पोर शांत असली की आई वरच्या कोरड्या पायऱ्यांवर तिच्याशी एकच खेळ खेळायची. पोर धावली की आई हळूच म्हणायची, "बैस गं." बसली की हातावर बताशा.

भाद्रपदात गंगा चढली. एका सकाळी घंटा सुरू झाल्या आणि पोरीने हात सोडवला. मी जागीच थिजलो. आई नेहमीसारखंच म्हणाली, "बैस गं."

पोर बसली. पाणी तिच्या पायाच्या बोटांना लागत होतं.

आई जाऊन तिला मागून कवटाळून बसली, आणि मग तिला स्वतःलाच उठता येईना. दात वाजत होते तिचे. या बाईला भीती ठाऊकच नाही, असं मी समजून चाललो होतो.

मी खालच्या बुडालेल्या पायरीवर उतरलो आणि पाण्याच्या व त्या दोघींच्या मधे उभा राहिलो.