उडवू नका, बघू द्या

एकाच तळ्यावर तीच माणसं दर रविवारी भेटत राहिली, की पक्षी तेवढेच राहतात, भांडणं वाढत जातात. नव्वदीच्या दशकात बँकेने मला लखनऊला टाकलं होतं. चिनहटच्या पुढे, फैजाबाद रोड सोडून आत गेलं की एक तळं लागायचं. तिथे आम्ही पक्षी बघायला जायचो. लोक अजून विचारतात, काय काय दिसलं? मला आठवतात दोन माणसं, आणि त्यांच्यामध्ये उभं राहून दमलेला मी.

एक देवधर काका. एअर फोर्समधून रिटायर झाले आणि गोमती नगरात घर बांधून इथेच राहिले. गळ्यात दुर्बीण, कॅमेऱ्याचा तिटकारा. दुसरे त्रिपाठीजी. हज़रतगंजला त्यांचा फोटो स्टुडिओ. आठवडाभर लग्नाची जोडपी आणि पासपोर्टचे चेहरे, रविवारी हातभर लेन्स घेऊन तळ्यावर.

पहिल्याच दिवशी काका बदकांवर दुर्बीण लावून बसले होते. त्रिपाठींनी कॅमेरा तयार केला आणि फाडकन टाळी वाजवली. सगळा थवा उडाला.

"ये क्या किया आपने?" काकांनी विचारलं.

"बैठी हुई बत्तख कौन देखता है, साहब?"

"हम देखते हैं. उसी के लिए आए थे."



* * *

काकांचा नियम होता, तळ्यावर खाकी किंवा हिरवे कपडे. त्रिपाठी थंडीत लालभडक स्वेटर घालून आले.

"लांबून ट्रॅफिक सिग्नल दिसतोय," काका मला मराठीत म्हणाले. मग त्यांना हिंदीत, जरा सौम्य करून, "त्रिपाठीजी, कोई और रंग नहीं था?"

"माँ ने बुना है."

काका म्हणाले, "माताजी से कहिए, अगला हरा बुनें."

आईंनी खरंच हिरवा विणला. त्रिपाठींनी तो आणून काकांच्या हातात दिला. "माँ ने कहा, जिन साहब को पसंद है, उन्हीं को दे आओ."

काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्रिपाठींच्या अंगात तोच लाल स्वेटर होता.

* * *

आम्ही पक्षी बघणारेही काही साधुसंत नव्हतो. एकदा बाभळीवर एक मोठा गरुड बसला होता. मी म्हटलं हा ठिपकेवाला, काका म्हणाले शक्यच नाही. वाद पेटला. त्रिपाठी मात्र गुपचूप कॅमेरा लावून बसले होते.

फोटोवरून निकाल लागेल म्हणून आम्ही दोघं त्यांच्या स्टुडिओत गेलो. त्यांनी प्रिंट पुढे ठेवली. त्यात बाभळीची फांदी होती आणि कोपऱ्यात थोडी शेपटी.

"आप लोग इतना चिल्लाए," त्रिपाठी म्हणाले, "मेरी बारी आई ही नहीं."

आम्ही चहा पिऊन परत आलो.

* * *

हसण्यासारखं सगळं नव्हतं. बुलबुलाचं एक घरटं झुडपात खोल होतं, आत पिल्लं. त्रिपाठींना उजेड हवा होता, म्हणून त्यांनी आडव्या येणाऱ्या फांद्या सुतळीने बाजूला बांधल्या. फोटो झाले. सुतळी सोडायची राहिली.

पुढच्या रविवारी घरटं रिकामं होतं.

"साँप ले गया होगा," त्रिपाठी खाली बघत म्हणाले.

काकांनी खिशातून चाकू काढून सुतळ्या कापल्या. फांद्या परत जागेवर आल्या. आता त्याचा उपयोग नव्हता.

हिवाळ्यात हज़रतगंजमध्ये फोटोंचं प्रदर्शन भरलं. त्यात त्रिपाठींनी त्याच घरट्याचा फोटो लावला: चोच उघडलेली पिल्लं, वर वाकलेली आई, फोटोखाली नाव 'ममता'. पहिलं बक्षीस मिळालं. पाहुण्यांनी कौतुक केलं आणि काकांनाही दोन शब्द बोलायला सांगितलं.

काका उठले. "तस्वीर बहुत अच्छी है. इन बच्चों की आख़िरी है."

एवढंच बोलून बसले. त्यानंतर बरेच रविवार त्रिपाठी तळ्यावर आले नाहीत. काकांनीही त्यांचं नाव काढलं नाही. पुढे एका सकाळी ते आले, काकांना नमस्कार करून लांब जाऊन बसले. काकांनी थर्मास माझ्या हाती दिला. "जा, त्यांना चहा देऊन ये."

* * *

मग काकांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. डॉक्टरांनी हात टेकले. मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. जाण्याआधीच्या रविवारी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. पलीकडच्या काठाला सारसांची जोडी होती, आणि सोबत पिल्लू.

काकांनी दुर्बीण लावली. बराच वेळ फिरवली. मग खाली ठेवली.

"त्रिपाठीजी, एक फोटो लीजिए. बड़ा करवा दीजिए. दीवार पर लगाऊँगा, पास जाकर देख लूँगा."

आजवर त्यांनी कुणाकडे फोटो मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"यहाँ से नहीं आएगा, साहब. पास जाना पड़ेगा. बच्चा छोटा है, वो लोग घबरा जाएँगे."

"घबराने दीजिए," काका म्हणाले.

मी काकांकडे बघितलंच नाही.

त्रिपाठींनी लेन्सला झाकण लावलं. काकांच्या शेजारी गवतात बसले आणि हलक्या आवाजात सांगायला लागले, "नर बाईं तरफ़ खड़ा है, साहब. गर्दन ऊपर है. बच्चा माँ के पीछे चल रहा है... अब रुका..."