बीट की माशाचा डबा

आईचं हिमोग्लोबिन आणि बी-ट्वेल्व्ह दोन्ही कमी निघालं, त्या दिवसापासून इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पप्पांनी बिटाचा मारा सुरू केला. लाल आहे म्हणजे रक्त वाढवणारच, हे त्यांचं पक्कं मत. महिनाभर आई बीट, गाजर, रताळी गिळत होती आणि भिंत धरून चालत होती.

शेवटी मी दुकानातून माशाचा पत्र्याचा हवाबंद डबा आणला. पप्पांसमोर ओट्यावर आपटला, कडी ओढून उघडला आणि ओरडले, "बिटात बी-ट्वेल्व्ह नसतंच! यात आहे. प्रोटीन आहे, काट्यांसकट खाल्लं तर कॅल्शियमही आहे. नुसत्या रंगाने रक्त होत असतं, तर कुंकू खाऊ घाला तिला!"

पप्पांनी माझ्या कानाखाली वाजवली. मी बत्तीस वर्षांची घोडी. मी त्यांची कॉलर धरली. झटापटीत किसलेल्या बिटाची परात उलटली. त्यांनी डबा हिसकावला आणि झाकणाच्या धारेने त्यांचा तळहात चरकन कापला. फरशीभर रक्त आणि बिटाचा लाल रस.

"या घरात मासा आला नाही आणि येणारही नाही!" ते किंचाळले. मी लाटणं उचललं.

तेवढ्यात आई उठली. तिनं माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं, पप्पांच्या हाताला फडकं करकचून बांधलं. मग डब्यात उरलेला एक तुकडा उचलला आणि आमच्याकडे बघत काट्यांसकट चावून खाल्ला.

"लग्नाआधी आवडीने खायचे मी," ती म्हणाली. "तुम्ही दोघं मला कधी विचारणार होतात?"