परतीच्या गाडीतली जागा

जपानमधल्या याइझू बंदरात ताकेनोरी इसोबेला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि त्याचं सगळं श्रेय त्याच्या गळ्याला आहे. रविवारी शाळेच्या मैदानावर मुलांची फुटबॉल मॅच असली की त्याचा आवाज थेट मासळीबाजारात ऐकू येतो, असं लोक म्हणतात. लोकांना काय, वाढवून सांगायची सवयच असते. मासळीबाजार बराच लांब आहे. मधल्या तांदळाच्या दुकानापर्यंत मात्र तो नक्की जातो, कारण तिथल्या म्हातारीने स्वतः येऊन तक्रार केली होती.

आठवड्याचे बाकीचे दिवस हाच माणूस मुका असल्यासारखा वागतो. धुरावर सुकवून लाकडासारखा टणक केलेला मासा पारखणं हे त्याचं काम. दोन तुकडे घ्यायचे, एकमेकांवर आपटायचे आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर माल चांगला, बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे, बाजूला काढायचा. बावीस वर्षं तो हेच करतोय. दिवसभरात हजारेक तुकडे हाताखालून जातात आणि त्यातल्या खोट्या तुकड्यांवरच लक्ष ठेवायचा पगार मिळतो. चांगल्या तुकड्याला 'वा, छान' म्हणायची पद्धत त्या कारखान्यात नाही.

त्याचे वडील मासेमारीच्या बोटीवर होते. वर्षातले दहा महिने समुद्रात. ताकेनोरी शाळेच्या टीममध्ये होता, म्हणजे टीमच्या बाकावर होता. तीन वर्षांत एकूण अकरा मिनिटं खेळला आणि ती अकरा मिनिटं घरातल्या कोणीच पाहिली नाहीत. म्हणून त्याची मुलगी चिनात्सु सहा वर्षांची असताना चेंडूमागे धावायला लागली, तेव्हा त्याने मनाशी ठरवलं, की या पोरीच्या प्रत्येक मॅचला मैदानाच्या कडेला आपल्या घरचं माणूस उभं असेल. हा शब्द त्याने पाळला. जरा जास्तच पाळला.

"चिनात्सु, डावीकडे! डावीकडे म्हटलं ना! अगं, मान वर कर! कोणाला पास देतेस, पंचांना?"

टीमचे कोच ओइशी यांचं एरवी केशकर्तनालय आहे. गावातल्या निम्म्या बापांची डोकी त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे डोक्यात काय चालतं हेही त्यांना ठाऊक. बाहेरगावच्या मॅचसाठी त्यांनी एक नियम करून ठेवला होता. परतीच्या प्रवासात कुठलंही मूल स्वतःच्या आईबापाच्या गाडीत बसणार नाही. "शिट्टी वाजली की मॅच संपली," ते म्हणायचे. "ती गाडीत परत खेळायची नाही. ज्यांना फारच हौस आहे त्यांनी माझ्या दुकानात यावं, मी कान कापून देतो."

इसोबेला हा नियम म्हणजे नसता उपद्व्याप वाटे. पण त्याने त्यावर उपाय शोधला होता. टीममधलं प्रत्येक मूल मॅचनंतर वहीत आपल्या खेळाबद्दल लिहितं आणि पालकांनी खाली एक ओळ लिहायची असते. इसोबे लाल पेनाने दीड पान लिहायचा, मुद्द्यांना आकडे घालून.

आता गंमत पाहा. याच माणसाच्या गाडीत बसायला टीममधली मुलं भांडायची. कारण दुसऱ्यांची मुलं गाडीत बसली की इसोबे निराळाच माणूस होई. पुढच्या सीटखाली संत्र्यांची पिशवी असे. जिंकून आलेल्याला एक संत्रं, हरून आलेल्याला दोन. हवी ती गाणी लावा, हवं तर झोपा. कोणी रडकुंडीला आलेलं असलं तर हा आरशातून बघून म्हणे, "अरे, त्या जागी पोचलास म्हणून तर चुकलास ना! जे पोचलेच नाहीत त्यांना चुकायला तरी मिळालं का?" मुलं घरी जाऊन सांगायची, चिनात्सुचे बाबा कसले भारी आहेत.

हे चिनात्सुच्या कानावर आलं की ती फक्त भुवया वर करायची.

त्या गुरुवारी जेवताना ती म्हणाली, "सहावी संपली की मी बहुतेक फुटबॉल सोडणार." मग शांतपणे सूप प्यायली आणि उठून गेली.

मुलींच्या मोठ्या क्लबची निवड चाचणी पुढच्या रविवारी होती. टीममध्ये मुली दोनच, चिनात्सु आणि गोलरक्षक मोए, आणि दोघींना बोलावणं आलं होतं. मोएचा फॉर्म कधीच भरून गेला होता. चिनात्सुचा फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता, आणि सोमवार ही शेवटची तारीख.

"एक शब्द विचारायचा नाही," बायको मिसाएने बजावलं. "ती आपणहून सांगेल."

"मी कुठे काय बोलतो?"

मिसाएने नुसतं त्या वहीकडे पाहिलं.

इसोबेला खरंच कळत नव्हतं. पोरीचे पाय चांगले होते, हे बापाचं प्रेम नव्हे, ओइशीही म्हणायचे. खेळणं तिला आवडायचं; निदान आधी आवडायचं. मग सोडायचं कशाला? तीन रात्री तो याच विचाराने कूस बदलत राहिला.

त्याआधीच्या रविवारी हामामात्सुला मॅच होती, सहावीच्या मुलांची शेवटची स्पर्धा. बरोबरीत सुटली आणि पेनल्टीवर आली. ओइशींनी विचारलं, "कोण मारणार?" तेव्हा टीममधल्या सगळ्या पोरांना एकदम बुटांच्या नाड्या बांधायची आठवण झाली. चिनात्सुने हात वर केला. तिचा चेंडू आडव्या दांडीवरून जो गेला तो थेट पार्किंगमध्ये. मग मोएच्या हाताखालून समोरच्यांचा चेंडू आत गेला आणि संपलं. दिवसभर बचावफळीवर ओरडून मोएचा घसा पार बसला होता, रडलीसुद्धा ती आवाजाशिवाय.

इसोबेच्या डोक्यात तोवर सात मुद्दे तयार होते. पहिला, चेंडूवर नजर नव्हती. दुसरा, अंग मागे झुकलं होतं.

गाड्यांची यादी त्या दिवशी टीममधल्या एका मुलाच्या आईकडे, माकिताबाईंकडे होती. त्यांनी ती वाचून दाखवली. चिनात्सु त्यांच्या गाडीत. इसोबेकडे सोसुके, इत्तेत्सु आणि मोए. वाटेत हायवेच्या थांब्यावर सगळ्यांनी वाफाळते मांसाचे पाव खाल्ले. अंधार पडत आला होता आणि वारा असा बोचरा, की पोरांनी टीमचे ते पायघोळ निळे कोट चढवले, टोप्या ओढल्या, नाकावर मास्क लावले. मग ओळखू यायचे ते फक्त बूट. इसोबेने गाडीत तीन डोकी मोजली आणि निघाला.

मागे सोसुके आणि इत्तेत्सु खुसखुसत होते. हरून आलेली पोरं एवढी हसतात कशी, असं त्याच्या मनात आलं, पण हसताहेत तर हसू देत. मोए सगळ्यात मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसली होती. त्याने दोन-दोन संत्री मागे पाठवली.

गावात शिरल्यावर सोसुके उतरला, मग इत्तेत्सु. उतरताना इत्तेत्सुने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा फुस्सकन हसला. गाडीत मोए एकटी राहिली.

"मोए," इसोबे म्हणाला, "तो चेंडू कोणालाच अडवता आला नसता. आणि दुपारी जे दोन अडवलेस ते? त्यांचं कोणी नाव काढणार नाही, पण मी बघितलेत."

मागून बसक्या आवाजात कुजबुज आली, "आणि चिनात्सुने घालवली ती पेनल्टी?"

इसोबेने गाडीचा वेग जरा कमी केला.

"घालवली ना. घालवली तर घालवली. तू पाहिलंस ना, कोचनी विचारलं तेव्हा ती सगळी शूर मंडळी नाड्या बांधत बसली होती? हिने हात वर केला. बारा वर्षांची पोर. मला सांग, मी असतो तर हात वर केला असता? मी तर पार्किंगमध्ये जाऊन बसलो असतो. चेंडूच्याही आधी."

मागे बारीकसं हसू आलं.

"मला तर त्या हाताचाच अभिमान वाटला," तो म्हणाला. "पुढे चेंडू कुठे का जाईना."

"मग घरी गेल्यावर तिला हे सांगणार?"

सिग्नल लाल होता. इसोबेने आरशात पाहिलं. टोपी आणि मास्कच्या मध्ये अंधारात काहीच दिसत नव्हतं. परक्याच्या पोरीशी खोटं कशाला बोला, असं त्याला वाटलं.

"सांगायचं असतं गं. पण तिच्यासमोर तोंड उघडलं की दुसरंच बाहेर पडतं. सात मुद्दे." त्याने उसासा टाकला. "भीती वाटते ना. ती मागे पडली, बाकावर बसली, तर? मी बसलोय बाकावर. फार थंड असतो तो. पण हे काही तिला सांगू नकोस हं."

मोएचं घर देवळाच्या मागच्या गल्लीत. त्याने गाडी दारासमोर उभी केली, आतला दिवा लावला. मागची मुलगी हलली नाही.

"मोए, झोपलीस का? घर आलं."

मागच्या सीटवरची टोपी मागे सरकली, मास्क उतरला.

"बाबा," चिनात्सु म्हणाली, "पुढच्या वेळीही मी मोए होऊनच बसू का?"

स्टिअरिंग घट्ट धरून इसोबे समोर बघत राहिला, कारण मागे वळला असता तर पोरीला बापाचं रडणं दिसलं असतं. त्याला लाज वाटली, खरीखुरी लाज.

"कधीपासून?" एवढंच तो विचारू शकला.

"थांब्यापासून. मोए कायम म्हणते, तुझे बाबा गाडीत किती छान बोलतात. मला वाटायचं ती थापा मारते. मग तीच म्हणाली, जा, ऐकून ये."

घरी आले तेव्हा खरी मोए त्यांच्याच टेबलाशी चिनात्सुचा कोट घालून बसली होती आणि मिसाएने वाढलेलं, अंडी नि मुळा रश्शात उकळून केलेलं गरम ओदेन खात होती. माकिताबाईंनी तिला चिनात्सु समजून इथे उतरवलं होतं, की सगळं ठाऊक असून उतरवलं होतं, हे त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. मिसाएने सगळी हकिगत ऐकून घेतली आणि नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय हो बाबा, मेलेल्या माशाचा आवाज ओळखता, आणि पोटच्या पोरीचा नाही ओळखू आला?"

"ती कुजबुजत होती," इसोबे पुटपुटला.

"तुम्ही दुसरं कोणाला बोलू देता का, म्हणजे ती मोठ्याने बोलेल?"

चिनात्सुने ती वही दप्तरातून काढून टेबलावर ठेवली, तेव्हा इसोबेने खिशातलं लाल पेन काढलं, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मिसाएच्या हातात दिलं. मिसाएने ते वाणसामानाच्या यादीपाशी अडकवून टाकलं.

मग चिनात्सु उठली. फ्रिजवरचं चुंबक तिने सरकवलं आणि फॉर्म बापासमोर ठेवला.

"सही कर," ती म्हणाली. "पण रविवारी चाचणीला मी मोएच्या बाबांबरोबर जाणार. तू मोएला ने."

"बरं."

मोएने तोंडात अख्खं अंडं असतानाच मान डोलावली. तिचा फायदाच होता. इसोबेने सही केली. मग अगदी हळू, विचारावं की नाही अशा बेताने, त्याने विचारलं, "आणि येताना? म्हणजे, ओइशींचा नियम..."

"चाचणी काय आपल्या टीमची आहे? तिथे नियम लागत नाही." चिनात्सु संत्रं सोलत होती, वर न बघता. "येताना मी तुझ्या गाडीत. पुढच्या सीटवर. आणि कशीही खेळले तरी संत्री दोन."

इसोबेला काहीतरी म्हणायचं होतं, पण तांदळाच्या दुकानापर्यंत जाणारा तो आवाज त्या संध्याकाळी टेबलापलीकडेही गेला नाही. त्याने मान हलवली आणि तिने पुढे केलेली फोड घेतली.