जोगळेकर सरांच्या केबिनमधली तिसरी खुर्ची

सर आज पहाटे गेले. त्यांच्या मागे एक खुर्ची उरली आहे. ती रिकामी आहे असं मला म्हणवत नाही.

मी भूतखेत मानत नाही. अंगात येणाऱ्यांची आणि अंगारे वाटणाऱ्यांची मी गावोगाव व्यासपीठावरून सालटी काढली आहेत. तुम्ही मित्रमंडळी ते ऐकत आलात.

म्हणूनच हे आधी तुम्हालाच सांगतेय.

जोगळेकर सर कल्याणच्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. पण जून आला की त्यांची केबिन अॅडमिशनची होऊन जायची. कोणी कोणते विषय घ्यायचे, कोणती लेक्चर्स झेपतील, सगळं तिथे ठरायचं.

आणि लिस्टमध्ये नाव लागूनही जी मुलगी फिरकली नाही, तिच्या वडिलांना सर निरोप धाडायचे.

तसाच निरोप कल्याणजवळच्या मोहने गावात आमच्या घरी आला.

बाबांबरोबर मी केबिनमध्ये गेले, तर टेबलासमोर तीन खुर्च्या. दोन लोखंडी. तिसरी वेताची, जुनी, हात झिजून गुळगुळीत झालेले.

बाहेर पॅसेजमध्ये पालक ताटकळत उभे होते, पण त्या खुर्चीवर कोणी बसत नव्हतं. शिपाईमामासुद्धा तिला वळसा घालून चहा ठेवायचे.

बाबा नेमके तिच्यावरच टेकणार, इतक्यात सर म्हणाले, "ती नको. ही घ्या."

बाबा बाजारात अडत्याकडे कामाला. मूळचे कोकणातले. मोठ्या माणसांसमोर हात जोडूनच बोलायचे.

"सर, पोरगी हुशार हाय, मी नाय म्हणत नाय. पण आधी हिच्या भावाचं मार्गी लागू दे. हिला पुढच्या वर्षी नक्की घालतो."

सरांनी चष्मा काढला. "मला नका सांगू. तिला सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हिला सांगितलंय. ऐकते ती."

"हिला नाही." सरांनी वेताच्या खुर्चीकडे बोट केलं. "तिला."

बाबा हसले. मीही हसले. सर हसले नाहीत.

"अहो, नुसतं एकदा म्हणा. तिच्याकडे बघून."

बाबा वळले. "पुढच्या..."

वेत करकरला.

दमट हवेत वेत करकरतो, मला माहीत आहे. पण तो आवाज वेगळा होता. नीट ऐकू यावं म्हणून कोणीतरी पुढे सरकून बसतं ना, तसा.

बाबा उठून उभे राहिले. शर्ट नीट केला. घरी कोणी मानाची बाई आली की करायचे तसाच.

"ह्याच वर्षी घालतो, बाय," ते खुर्चीला म्हणाले.

माझी अॅडमिशन झाली.

परत येताना आम्ही रिक्षा केली. मोहन्याच्या वळणावर बाबा एकदम म्हणाले,

"केवढीशी होती गं ती. तुझ्याएवढीच."

सरांनी ती कोण, किती वर्षांची, काही म्हणजे काहीच सांगितलं नव्हतं.

मी विचारलं नाही. बाबाही पुन्हा कधी बोलले नाहीत.

पुढे दर टर्मला मी त्या केबिनमध्ये जायचे. दुपारी मला घरी शिकवण्या असायच्या, म्हणून सर लेक्चर्स सकाळची बसवून द्यायचे. मग त्या खुर्चीकडे बघायचे. "सकाळचं चालेल ना?"

शेवटच्या वर्षी मी वक्तृत्वाची ढाल घेऊन गेले आणि अंगात वारं शिरलेलं. सरळ भांडले.

"सर, तुम्ही लोकांना भीती घालता. ही शुद्ध अंधश्रद्धा आहे!"

"असू दे की. खुर्चीला घाबरतात, चांगलं आहे. मुलीला 'पुढच्या वर्षी' म्हणताना कोणी घाबरत नाही गं. मला त्याची भीती वाटते."

मग त्यांनी सांगितलं.

सरांच्या आजोबांची थोरली बहीण, गोदू. एकोणिसावं शतक सरत आलं होतं. घरीच अभ्यास करून कल्याणची ही पोर मॅट्रिक झाली. कॉलेज मुंबईला. नाव घालायला वडिलांनी सोबत न्यायला हवं.

दर वर्षी कॉलेज उघडायच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून, पुस्तकं मांडीवर घेऊन दाराजवळच्या वेताच्या खुर्चीवर बसायची.

वडील म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

धाकट्या भावाला मात्र पास झाला त्याच वर्षी नेलं.

त्यानंतरही ती बसत राहिली. एका वर्षी वडील तेच म्हणाले आणि ती खुर्चीवरून उठलीच नाही.

भावाने ती खुर्ची जन्मभर सांभाळली. स्वतः एकदाही बसला नाही.

आज डोंबिवलीला सरांच्या घरी गेले, तर कोणीतरी त्यांचा फोटो हार घालून, रिटायर होताना त्यांनी घरी आणलेल्या त्याच खुर्चीवर ठेवलेला.

मी तो उचलून मांडीवर घेतला. पाहुणे चिडले. "अहो मॅडम, हे काय चाललंय?"

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणाल्या, "घेऊ दे तिला. ती जागा यांची नाहीच."

माणसं पुन्हा हळू आवाजात बोलू लागली. शेजारचे एक गृहस्थ कोणाला तरी सांगत होते, "हो, लागला ना निकाल. चांगले मार्क आहेत. पण मुलीचं काय, पुढच्या वर्षी बघू."

वेत करकरला.

आणि माझं तोंड माझ्याआधी बोललं.

"मला नका सांगू. तिला सांगा."

ते गृहस्थ खुर्चीकडे बघत राहिले. निघताना दारात मला म्हणाले,

"ताई, उद्या कॉलेजचं ऑफिस किती वाजता उघडतं?"

काकूंना विचारून खुर्ची मी घरी आणली आहे. खिडकीजवळ ठेवली आहे. अजूनही मी भूत मानत नाही. तिच्यावर बसणारही नाही.

सर, तुम्ही निश्चिंत जा. गोदूला एकटीला बसू देणार नाही.

तुमच्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.