बोआसच्या मशीनच्या नख्या

आमच्या कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर नवरा-बायकोची निम्मी भांडणं मशीनवरून होतात. समुद्र गोठला की स्नोमोबिलशिवाय, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या या मशीनशिवाय, माणूस लंगडाच. पण माझी थोरली बहीण रोझिना आणि तिचा नवरा बोआस यांचं भांडण वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवरून चाललं होतं. बोआस सारखा थांबायचा.

थांबायला कारण होतं, ते मी नाकारत नाही. मागून भुसभुशीत हिम उडत राहिलं तर मशीन थंड राहतं. वाऱ्याने समुद्र झाडून घेतला आणि खाली नुसता टणक बर्फ उरला, की इंजिन तापतं, लाल दिवा लागतो, आणि चाकांच्या जागी फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या आतलं प्लास्टिक घासून घासून वितळायला लागतं. त्यावर उपाय साधा आहे. पुढच्या दोन्ही स्कींना, म्हणजे घसरपट्ट्यांना, पोलादी तारेच्या नख्या बसवायच्या. त्या बर्फ खरवडत जातात, भुगा मागे उडतो, इंजिन गार राहतं आणि प्लास्टिकलाही ओल मिळते. गावात सगळ्यांनी केव्हाच बसवल्या होत्या. बोआसने नाही. त्याचं म्हणणं, थोडं थांबलं की आपोआप गार होतं, मग भोकं कशाला पाडायची?

रोझिना मशीनमागे जोडलेल्या लाकडी घसरगाडीवरच्या पेटीत बसायची, अंगावर ताडपत्री ओढून. मशीन थांबलं की ताडपत्रीतून आधी तिचा आवाज बाहेर यायचा.

"हे मशीन आहे की म्हातारं कुत्रं? दिसला खडक की थांबलं!"

"माझा बाप कुत्र्यांनासुद्धा दम खाऊ द्यायचा."

"ती कुत्री निदान शेपूट तरी हलवायची. चहा दे आधी. गोठवून मारणार आहेस मला एक दिवस."

मग तो थर्मास उघडायचा, ती सुकवलेला मासा काढायची, आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवून दोघं खात बसायची. त्यांच्या थांबायच्या जागाही ठरून गेल्या होत्या: काळा सुळका, पाद्र्याचं बेट, सीलची खाडी. इतर लोक पेटीतून चालवणाऱ्याच्या दंडापर्यंत एक दोरी बांधतात. पेटीतल्याला काही हवं असेल तर त्याने ओढायची, कारण इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. या दोघांना दोरीची गरजच पडली नाही. हा बाबा थांबणारच होता.

शेवटी रोझिनानेच वैतागून नख्या मागवल्या आणि नाताळला लाल कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवल्या. "छान आहेत," म्हणून त्याने त्या पडवीतल्या खिळ्याला टांगल्या. दोन हिवाळे तिथेच लोंबत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती त्या दाखवायची.

गेल्या हिवाळ्यात भर थंडीत पाऊस पडला. आमच्याकडे हल्ली हेही होतं. हिम वाहून गेलं, मग सगळं गोठलं, आणि वर धुकं बसलं. त्यातच रोझिनाच्या छातीत दुखायला लागलं. श्वास पुरेना. गावची नर्स विमानासाठी फोनवर फोन करत होती, पण धावपट्टीवर उभं राहणंच मुश्कील होतं, तिथे विमान काय उतरणार?

"मोठ्या गावच्या दवाखान्यात न्यायलाच हवं," नर्स म्हणाली. "बर्फावरून गेलात तर अंधाराच्या आत पोचाल का?"

बोआस तडक उठला. पडवीत गेला आणि खिळ्यावरून नख्या काढल्या. त्याने स्कींना भोकं पाडली, मी नटबोल्ट हातात धरून उभी राहिले. रोझिना खिडकीतून बघत होती. दम लागत होता तरी हसली.

"मी मरायला टेकले, तेव्हा बरा मुहूर्त मिळाला रे तुला!"

"गप पड. दम राखून ठेव," तो म्हणाला.

पेटीत आडवं एकच माणूस मावतं. आम्ही तिला रेनडिअरच्या कातड्यात गुंडाळलं, ताडपत्री चारी बाजूंनी खोचली. माझा नवरा झकारियास भेगा बघत पुढच्या मशीनवर निघाला, मागे बोआस. दोरीचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

नख्यांनी चोख काम केलं. झकारियास सांगतो, काळा सुळका मागे पडला तरी बोआसचं मशीन तापून थांबलं नव्हतं. पाद्र्याच्या बेटापाशी त्याने मागे वळून अंगठा दाखवला, तर बोआसनेही दाखवला. बोआस मागेही बघत होता. पेटी बर्फाच्या भुग्याने पांढरी झाली होती, ताडपत्री जागच्या जागी होती. झोप लागली असेल, बरंच झालं, असं त्याला वाटलं. अंधाराच्या कितीतरी आधी ते पोचले. एवढ्या लवकर तो उभ्या जन्मात पोचला नव्हता.

दवाखान्यातल्या माणसांनी ताडपत्री काढली तेव्हा रोझिना केव्हाच गेलेली होती.

डॉक्टरांनी विचारलं, कधी? बोआसला सांगता येईना. कुठे, तेही सांगता येईना. "काळ्या सुळक्यापाशी थांबलो असतो," एवढंच तो पुनःपुन्हा म्हणत राहिला. "मग बेटापाशी. मग खाडीत."

"थांबला असतात तरी त्या वाचल्या नसत्या," डॉक्टर म्हणाले. नंतर गावात ज्याने त्याने हेच वाक्य त्याला ऐकवलं, पाद्र्याने, नर्सने, माझ्या नवऱ्याने. शेवटी मीही.

"वाचली नसती, कळतं मला," तो मला म्हणाला. "चहा तरी प्यायली असती."

माझा त्याच्यावर राग होता. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं थांबलास, आणि त्याच दिवशी नाही? पण त्या दिवशी थांबला असता तर मीच शिव्या घातल्या असत्या. हा राग घेऊन जायचं कुठे, हे मला अजून सुचलेलं नाही.

या वर्षी ईस्टरला झकारियासचं मशीन बंद पडलं म्हणून मी बोआसच्या पेटीत बसले. नख्या होत्याच. आता दोरीही होती, एक टोक त्याच्या दंडाला पक्कं बांधलेलं. दुसरं त्याने माझ्या हातात दिलं. "काही वाटलं तर ओढ."

काळ्या सुळक्यापाशी मशीन थांबलं. तो धावत आला, या वयात, बर्फावरून घसरत, आणि ताडपत्री उचलली.

"ओढलीस?"

"नाही रे."

"मला वाटलं ओढलीस."

इंजिन गारच होतं, तापमानाचा काटा तळाला. तो परत गेला. मी दोरी सोडून दिली, चुकून हिसका बसायला नको म्हणून. तरी पाद्र्याच्या बेटापाशी तो पुन्हा थांबला, पुन्हा तसाच धावत आला. त्याचा चेहरा बघून माझ्याने राहवेना.

"हो, ओढली मी," मी म्हटलं. "चहा दे आधी."

तो थर्मासकडे वळलासुद्धा. मग थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"तू नाही ओढलीस," तो म्हणाला, आणि ताडपत्री माझ्या तोंडावर नीट ओढून मशीनकडे गेला.