बिनखिळ्याची पराणी

आमच्या घरात पराणी नव्हती. एरंडोल तालुक्यातल्या आमच्या गावात ज्याच्याकडे बैल त्याच्या दाराआड पराणी असायचीच. लांब काठी, टोकाला खिळा, बैलाला टोचायला. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, ते बैल बोलून हाकत. अडून बसलेल्या बैलापुढे उकिडवे बसून विचारत, "काय जयं रे भाऊ, सांग ना मले." लोक हसत. बैलाला वाटेल तेव्हा बैल उठायचा आणि आमची पेरणी सगळ्या गावाच्या मागून व्हायची.

मला ते 'वाचणारी सून' म्हणत. मी चौथी शिकलेली, पण त्यांना तेवढं फार वाटायचं. दुपारची जेवणं झाली की पोथी माझ्या हातात देऊन समोर बसायचे. मला शब्द अडला की पाणी पिण्याचं निमित्त काढून उठायचे, म्हणजे मला लाज वाटू नये. माझ्या बापाने मला इतकं जपलं नव्हतं. हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, राक्षस होता. राक्षस असता तर मला सोपं गेलं असतं.

दोन सुनांत त्यांनी कधी डावं-उजवं केलं नाही. श्रावणात घरी कानबाई देवी बसायची, त्याआधी जळगावला जाऊन दोघींना एकसारखी लुगडी आणायचे. धाकटी जाऊ शेवंता. तिला मूल नव्हतं, म्हणून भाऊबंदांतल्या बायका तिला टोचून बोलत, तेव्हा आबा त्यांना गप्प करत. त्या वर्षी लुगडी हिरवी होती.

कानबाईचे रोट खानदेशाला सांगायला नकोत, बाकीच्यांना सांगते. घरातल्या पुरुषांच्या हिशेबाने गहू दळायचे आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायच्या. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. आमच्याकडे हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात जायचं. सोमवारी विसर्जनाला बाकी सगळे नदीवर गेले. शेवंता आत झाडत होती, मी मागच्या दारी भांडी घासत होते. आमच्या शेतात निंदायला येणारी सोनाबाई तिथे येऊन टेकली. बौद्धवाड्यातली, सातवा महिना लागलेला, सकाळपासून पोटात काही नाही. मी आत गेले आणि दोन रोट आणून तिच्या पदरात घातले. विचार केला नाही. चुलत सासू नदीवरून लवकर परतली होती. तिने गल्लीच्या तोंडाहून पाठमोरं हिरवं लुगडं पाहिलं.

आठ दिवसांनी माझ्या मुलीला कावीळ झाली. एरंडोलच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण पोरगी डोळे उघडेना. आबांनी तीन दिवस अन्न सोडलं. चौथ्या दिवशी चुलत सासूने येऊन सांगितलं की रोट घराबाहेर गेले, आणि दिले ते वांझोटीने. तिच्या अंगात काहीतरी आहे, त्याला घरातलं लेकरू बघवत नाही. सोनाबाईला कुणी विचारलं नाही. तिच्या दारी जाऊन विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं असणार.

मी देव्हाऱ्यासमोर सगळ्यांदेखत सांगितलं, "आबा, रोट मी दिले."

आबांचे डोळे भरले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू मनी लेक शे. जावले वाचाडाकरता स्वतःवर घेस." मग चुलत सासूकडे वळून म्हणाले, बघा, जावेला वाचवायला स्वतःवर घेते, मन असावं तर असं. मी पुन्हा बोलले नाही. मुलगी मांडीवर होती. आणि मला सुटल्यासारखं वाटलं, तेही लिहिते.

आबांनी आंघोळ केली, धूतवस्त्र नेसले. शेजाऱ्याची पराणी मागून आणली. ओट्यावर बसून पकडीने तिचा खिळा उपटला, शेवंताला लागू नये म्हणून. तिला कानबाईच्या रिकाम्या चौरंगापुढे बसवून कुंकू लावलं. आम्हा दोघींच्या नवऱ्यांना बाहेर ठेवून दाराला आतून कडी घातली. तिचे दोन्ही हात माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "धर." मी धरले.

पहिल्या फटक्यालाच ती म्हणाली, "आबा, मी नाही हो." आबा रडत होते. म्हणाले, "मी तुले मारस नही, माय. तुना अंगमा जे शे, त्याले मारस." ती जितकं नाही म्हणे तितकं त्यांना वाटे, ते आतलं बोलतंय. एक फटका कानावर बसला, तेव्हा ती बोलायची थांबली. मग आबा थांबले.

चार दिवसांनी मुलीने पेज मागितली. गावाला खात्री पटली, आबांना तर पटलीच. दुसऱ्या गावांतून माणसं लेकी-सुनांना घेऊन आमच्या ओट्यावर येऊ लागली. आबांनी कुणाला परत पाठवलं नाही. घरात पराणी राहिली.

शेवंताला तिच्या भावाने शिंदखेड्याला नेलं. डावा कान कायमचा गेला होता. वर्षभराने मी भेटायला गेले. तिने चहा केला. मी म्हटलं, "मी बोलले होते गं." ती म्हणाली, "एकदा बोलल्या, अक्का. दुसऱ्यांदा का नाही बोलल्या?" त्यानंतर मी तिच्याकडे गेले नाही.

नव्वद सालानंतर आबा आजारी पडले ते उठले नाहीत. त्यांचं सगळं मीच केलं. न्हाऊ घालणं, भरवणं, पोथी वाचणं. एका सकाळी पेजेची वाटी बाजूला सारून मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आबा, रोट मी दिले होते. सोनाबाईला. शेवंताने नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पोचलं.

"मरनारा माणूससंगे तरी खरं बोलानं, माय," ते म्हणाले. मग हात माझ्या डोक्यावर ठेवून त्यांनी मला माफ केलं.